ओल, गळती आणि भाड्याचे घर

घरात जेथे पाणी असू नये तेथे ते पोहोचले आणि त्यामुळे भिंत, छत, जमीन, लाकूडकाम, वीजवाहिन्या किंवा सामान यांची हानी झाली, म्हणजे त्यास पाण्यामुळे झालेले नुकसान म्हणतात. मालक स्वतः राहत असलेल्या घरात हे नुकसान सोसणारा, त्याची दुरुस्ती ठरवणारा आणि तिचा खर्च करणारा हा एकच माणूस असतो. भाड्याच्या घरात मात्र या तीन भूमिका विभागल्या जातात. भिंतीवरची ओल रोज पाहणाऱ्या भाडेकरूला ती भिंत फोडण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याला तो अधिकार आहे तो घरमालक बहुधा दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या मजल्यावर राहत असतो. त्यामुळे एरवी शंभर-दोनशे रुपयांत मिटणारी गळती निरोपानिरोपीत महिनोन्‌महिने रेंगाळते आणि शेवटी अनामत रकमेच्या वादापर्यंत जाऊन पोहोचते. या प्रकरणात मांडलेला मुख्य मुद्दा असा की, अशा नुकसानीत पैशाचा प्रश्न आधी सोडवू गेल्यास तो सुटत नाही. पाणी कोणत्या वाटेने आले हे निश्चित झाले की दुरुस्ती कोणती करायची आणि खर्च कोणी सोसायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी आपोआप मिळतात.

माळव्यातील घर आणि माळव्यातील पाऊस

हा विषय समजून घेण्यासाठी बागली आणि तिच्या आसपासचा धार-देवासचा प्रदेश सोयीचा आहे, कारण जुन्या आणि नव्या बांधकामाचे जवळजवळ सर्व प्रकार तेथे शेजारी शेजारी आढळतात. बागली हे मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातले तहसिलीचे गाव माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेला, विंध्याच्या माथ्यावर वसलेले आहे. काली सिंध नदीचा उगम याच परिसरात होतो आणि दक्षिणेचा घाट उतरला की नर्मदेचे खोरे लागते. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने अठराव्या शतकात स्थिरावली, देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली, आणि त्यांच्या आश्रयाने आलेल्या मराठी कुटुंबांनी बांधलेल्या वाड्यांच्या खोल्या पुढे वारसांच्या वाटण्या होत होत भाड्याने दिल्या गेल्या. दुसरीकडे, १९७० च्या दशकानंतर देवासात कारखानदारी वाढली तसे सिमेंट-काँक्रीटचे मजले चढत गेले, आणि तहसिलीच्या गावांतही बदलीवर येणारे शिक्षक, बँकेतील कर्मचारी व सरकारी नोकर यांच्यासाठी वरचा मजला बांधून भाड्याने देण्याची रीत रूढ झाली.

या प्रदेशात वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कोकणाच्या मानाने हा आकडा लहान वाटला तरी घराच्या दृष्टीने येथील अडचण वेगळी आहे, कारण उरलेले आठ महिने कडक कोरडे असतात. येथील काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली असून तिच्यातील विशिष्ट चिकणमाती पाणी शोषल्यावर फुगते आणि वाळल्यावर आक्रसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल तर दरवर्षीच्या या फुगण्या-आक्रसण्याने भिंतींना तिरप्या भेगा पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी आत शिरते. म्हणजे उन्हाळ्यात पडलेली भेग पावसाळ्यातील ओलीचे कारण ठरते, आणि केवळ पावसाळ्यात घर पाहणाऱ्या मालकाला हा संबंध लक्षात येत नाही.

पाण्याचा तुटवडाही नुकसानीला हातभार लावतो, हे वरवर विसंगत वाटणारे विधान देवासच्या संदर्भात सहज पटते. १९९० च्या सुमारास ज्या शहराला रेल्वेने पाणी आणून द्यावे लागले, तेथे प्रत्येक घराने गच्चीवर जादा टाक्या, जिन्याखाली हौद आणि मोरीत पिंपे ठेवणे स्वाभाविक होते. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असल्याने कोरडा नळ उघडाच राहतो, घरात कोणी नसताना पाणी येते आणि टाकी भरून वाहू लागते. पाऊस एक थेंबही पडलेला नसताना खालच्या मजल्याचे छत ठिबकू लागते, ते अशा वेळी.

पाण्याच्या चार वाटा

घरात येणारे पाणी चारपैकी एका वाटेने येते आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते. पहिली वाट वरून, म्हणजे छतातून येण्याची. कवेलूच्या उतरत्या छपरात कौल सरकलेले किंवा फुटलेले असते. लोखंडी गर्डरवर दगडी फरशा टाकलेल्या छतात फरशांमधील सांधे उघडे पडलेले असतात. आणि काँक्रीटच्या स्लॅबमध्ये कोबा, म्हणजे विटांचे तुकडे व सिमेंटचा मसाला घालून दिलेला उताराचा जलरोधक थर, तडकलेला असतो. बागलीसारख्या गावांत आणखी एक खास वाट आढळते: पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून खांबांच्या सळया गच्चीवर उघड्या सोडलेल्या असतात, त्या गंजतात आणि त्यांच्या कडेने पाणी सरळ खांबात उतरते. पावसानंतर काही तासांत डाग गडद होत असेल आणि उघडीप मिळताच फिका पडत असेल, तर वाट वरूनच आहे असे समजण्यास हरकत नाही.

दुसरी वाट बाजूने, बाहेरच्या भिंतीतून येण्याची. वाऱ्याच्या दिशेची भिंत, खिडकीवरचा छज्जा, कठड्याच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप आणि फुटलेली पन्हळ ही तिची नेहमीची ठिकाणे आहेत. तिसरी वाट खालून वर चढणारी असून तिला केशाकर्षण कारणीभूत असते. केशाकर्षण म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांतून द्रव स्वतःहून वर ओढला जाणे. जुन्या वाड्यांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतील पाणी दगड-विटांमधून साधारण कंबरेच्या उंचीपर्यंत चढते, येताना क्षार घेऊन येते, आणि पाणी उडून गेल्यावर ते क्षार भिंतीच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पिठासारखे उरतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. डागाची वरची कड जमिनीशी जवळजवळ समांतर असणे आणि तो उन्हाळ्यातही पूर्णपणे न जाणे, या खालून येणाऱ्या ओलीच्या खुणा होत.

चौथी वाट घराच्या आतली, नळ, सांडपाण्याचे पाइप, मोरी, संडास आणि टाकी यांची. या गळतीचा पावसाशी संबंध नसतो, वापराशी असतो. सर्व नळ बंद करून रात्री टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि सकाळी पाहावी. कोणी पाणी वापरलेले नसताना पातळी उतरली असेल, तर टाकी किंवा तिच्यापासून निघणारा पाइप गळत आहे हे सिद्ध होते. मोरीचा संशय असेल तर तिच्या जमिनीवर रंग मिसळलेले पाणी चोवीस तास साठवून ठेवावे. खालच्या छतावर तोच रंग उमटला की वादाला जागा उरत नाही.

या चार वाटांशिवाय हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर पाणी होऊन साचल्याने होणारी ओल हा एक फसवा प्रकार आहे. बंद खोलीत कपडे वाळत घालणे, स्वयंपाकघराची खिडकी न उघडणे किंवा कपाट भिंतीला चिकटवून ठेवणे यामुळे कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि भाडेकरू ती गळती समजतो. खरी ओल आणि ही ओल यांतील फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीचा संशयित भाग फडक्याने पुसून त्यावर हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. थेंब प्लॅस्टिकच्या मागच्या, म्हणजे भिंतीकडील बाजूस जमले असतील तर पाणी भिंतीतून येत आहे. पुढच्या, खोलीकडील बाजूस जमले असतील तर ते खोलीतील हवेतून आलेले आहे. दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या अशा साध्या चाचणीमुळे, कारागिराला बोलावण्यापूर्वीच अनेक तंटे निकाली निघतात.

वाट शोधताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: डाग जेथे दिसतो तेथूनच पाणी आत आलेले असते असे नाही. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी सळयांच्या आणि वीजनळ्यांच्या कडेने वाहत जाऊन सर्वांत सोपे छिद्र सापडेल तेथे, अनेकदा पंख्याच्या हुकापाशी, ठिबकते. म्हणून दिसणाऱ्या डागावरच जलरोधक रंग फासणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

पहिले दोन दिवस

अचानक पाइप फुटणे, टाकी वाहणे किंवा अतिवृष्टीत पाणी घरात शिरणे, अशा प्रसंगी पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतील वागणुकीवर पुढचे नुकसान अवलंबून असते, कारण भिजलेल्या वस्तू आणि पृष्ठभाग साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळले नाहीत तर त्यांवर बुरशी धरू लागते. सर्वप्रथम त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करावा. मात्र मुख्य बटणच ओल्या भिंतीवर असेल किंवा जमिनीवर पाणी साचलेले असेल तर त्याला हात न लावता वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे. त्यानंतर पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा. हा कॉक कोठे आहे हे भाडेकरूला राहायला येण्याच्या दिवशीच दाखवलेले असणे, ही घरमालकाची सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित जबाबदारी आहे.

छताला फुगा आल्यासारखा दिसत असेल तर त्याखालील माणसे व सामान हलवावे. त्यानंतर, साफसफाईला हात घालण्यापूर्वी, छायाचित्रे काढून ठेवावीत: आधी संपूर्ण खोलीचे, मग डागाचे मोजपट्टी धरून, आणि शेवटी पाण्याच्या संशयित उगमाचे. मालक परगावी असला तरी त्याने कळताच त्याच दिवशी लेखी उत्तर द्यावे, कारण पुढे प्रश्न उपस्थित झाला तर मालकाला केव्हा कळले आणि कळल्यावर त्याने काय केले, या दोन तारखांना सर्वाधिक महत्त्व येते. मोबाइलवरून पाठवलेला पुढीलप्रमाणे छोटा संदेशही त्यासाठी पुरेसा असतो: ‘आपला आजचा निरोप आणि फोटो मिळाले. प्लंबर उद्या सकाळी दहा वाजता येईल. कृपया त्या वेळी घरी कोणीतरी असावे. तोपर्यंत मागच्या खोलीची वीज बंद ठेवावी आणि मोरी वापरू नये. दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, हे कारण समजल्यावर आपण बसून ठरवू.’ या शेवटच्या वाक्यामुळे मालक जबाबदारी नाकारतही नाही आणि घाईने ती अंगावरही घेत नाही.

कारण आणि खर्च

भारतात भाड्याच्या घराला लागू होणारे नियम तीन थरांत विभागलेले आहेत. सर्वांत खालचा थर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचा आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे परस्पर हक्क सांगितले असून, वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर ते लागू होतात. या कलमानुसार, मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष मालकाने आधी उघड करणे बंधनकारक आहे; म्हणजे दर पावसाळ्यात गळणाऱ्या छताला मे महिन्यात नवा रंग देऊन घर दाखवणे, हा केवळ अप्रामाणिकपणा नसून कायदेशीर कर्तव्याचा भंग ठरू शकतो. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. उलट बाजूने, वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज आणि अनिवार आपत्ती वगळता घर जसे घेतले तसे राखून परत देणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे; त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या कृतीने दोष निर्माण झाल्यास सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो त्याने दूर करावयाचा असतो. अग्नी, वादळ किंवा पूर यांमुळे घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाला आणि त्यात भाडेकरूचा दोष नसेल, तर भाडेपट्टा रद्द मानण्याचा पर्याय भाडेकरूकडे असतो.

दुसरा थर राज्यांच्या कायद्यांचा. मध्य प्रदेशात जेथे १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम लागू आहे, तेथे भाडेकरूला उठवण्याची कारणे कायद्याने ठरवून दिलेली आहेत. घर राहण्यास असुरक्षित झाले असून ते रिकामे केल्याखेरीज दुरुस्ती होणे शक्य नाही, हे त्यांतील एक कारण आहे. मात्र ‘दुरुस्ती करायची आहे’ असे नुसते सांगून भागत नाही, खरी गरज सिद्ध करावी लागते. पाणी आणि वीज यांसारख्या आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडण्यासही मनाई आहे, म्हणून गळती थांबवण्याच्या नावाखाली भाडेकरूचे पाणी आठवडाभर बंद ठेवणारा मालक अडचणीत येऊ शकतो. महाराष्ट्रातील वाचकांसाठी तुलना उपयुक्त ठरेल: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक असून, किमान पंधरा दिवसांची सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून घेऊ शकतो, पण अशी वजावट वर्षाच्या एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. मासिक भाडे ६,००० रुपये असेल तर वर्षाचे भाडे ७२,००० रुपये आणि वजावटीची कमाल मर्यादा १८,००० रुपये होते.

तिसरा थर केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाचा. राज्याने त्याच्या आधारे स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, तरीही करार लिहिताना नमुना म्हणून तो अतिशय उपयोगी पडतो, कारण दुरुस्त्यांची वाटणी त्याच्या परिशिष्टात स्पष्ट केलेली आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, पाइप बदलणे आणि विजेच्या वाहिन्या मालकाकडे; नळ व त्यांचे वॉशर बदलणे, सांडपाण्याची वाट साफ ठेवणे, बेसिन, संडासाची उपकरणे व गीझर यांची दुरुस्ती आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे, अशी ती वाटणी आहे. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, पाहणीसाठी घरात येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी सूचना द्यावी, आणि दैवी आपत्तीमुळे घर राहण्यायोग्य उरले नाही तर ते पूर्ववत होईपर्यंत भाडे घेऊ नये, असेही त्यात म्हटले आहे.

या तिन्ही थरांतून एक समान सूत्र दिसते: नुकसान किती झाले यापेक्षा ते कशामुळे झाले यावर जबाबदारी ठरते. समजा, बागलीत खाली किराणा दुकान आणि वर राहते घर अशी दोन्ही भाड्याने दिलेली इमारत आहे आणि दुकानातील साखरेची पोती छतातून ठिबकलेल्या पाण्याने भिजली. स्लॅबमध्ये गाडलेला जुना लोखंडी पाइप सडला असेल तर जबाबदारी मालकाची. वरच्या भाडेकरूने नळ उघडा ठेवला असेल तर त्याची. मोरीचे तोंड खरकट्याने तुंबले असेल तरीही त्याचीच. आणि मोरीच्या जमिनीतील जलरोधक थर कालमानाने निकामी झाला असेल तर पुन्हा मालकाची. चारही प्रसंगी भिजलेली पोती तीच आणि छतावरचा डागही तोच, परंतु खर्च उचलणारा वेगळा. म्हणूनच रंगाच्या पाण्याची चाचणी ही जितकी प्लंबरची तितकीच न्यायाचीही रीत आहे.

शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेल्या वाड्यांत या हिशेबात तिसरा पक्षही येतो. हा तंटा फार जुना आहे: कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात सांडपाण्याची वाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर राखून काढावी आणि पाण्याने दुसऱ्याच्या भिंतीची हानी करणाऱ्यास दंड करावा, असे नियम दिलेले आहेत. आजही शेजारच्या पन्हळीचे पाणी आपल्या भिंतीवर पडत असेल, तर ते भाडेकरूवर न सोपवता मालकानेच शेजाऱ्याशी बोलून किंवा लेखी कळवून मिटवणे योग्य, कारण भिंतीचा मालक तो असतो.

करार, यादी आणि अनामत

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा पडली आहे. महाराष्ट्रात तर भाडे नियंत्रण अधिनियमाखालील करार लेखी आणि नोंदणीकृत असणे, तो कितीही मुदतीचा असो, आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या छापील मसुद्यात भाडे, मुदत आणि वीजबिल यांची कलमे असतात, पण पाण्याबाबत बहुधा ‘घराची काळजी भाडेकरूने घ्यावी’ एवढेच मोघम वाक्य असते. त्याऐवजी चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: गळती दिसताच भाडेकरू चोवीस तासांत लेखी कळवील, मालक ठरावीक दिवसांत पाहणी करील, तातडीच्या प्रसंगी, मालकाशी संपर्क होत नसेल तर, भाडेकरू ठरावीक रकमेपर्यंतचे काम पावती घेऊन करून घेऊ शकेल, आणि कळवण्यात झालेल्या उशिरामुळे जेवढे नुकसान वाढले तेवढ्यापुरतीच जबाबदारी भाडेकरूची राहील.

कराराला जोडलेली स्थितीदर्शक यादी ही अनामतीच्या वादातील सर्वांत मोठी साक्ष असते. भाडेकरू घरात येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून प्रत्येक खोलीतील जुने डाग, भेगा, नळ आणि फरशा यांची नोंद करावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि दोघांनी सह्या कराव्यात. ‘मागची खोली, उत्तर भिंत, जोत्यापासून दोन फुटांपर्यंत जुना लोणा’ ही एक ओळ मालकाला थोडी खटकेल, पण घर सोडताना त्याच लोण्यासाठी अनामत कापण्याचा मोह तीच ओळ टाळते आणि उद्या खरोखर नवे नुकसान झाले तर मालकाचा दावाही तीच बळकट करते. कापलेल्या प्रत्येक रुपयामागे कारण आणि पावती दाखवता येणे, हा अनामतीच्या व्यवहाराचा एकमेव सुरक्षित नियम आहे.

टिकणाऱ्या दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीचा क्रम नेहमी सारखाच असतो: आधी पाण्याची वाट बंद करणे, मग भिंत वाळू देणे, त्यानंतर सांगाड्याचे काम आणि सर्वांत शेवटी गिलावा व रंग. प्रत्यक्षात भाडेकरू बदलण्याच्या मधल्या आठवड्यात शेवटची पायरी आधी उरकली जाते, आणि ओल्या भिंतीवरचा रंग दोन महिन्यांत पोपडे धरून नव्या भाडेकरूशी नव्या वादाची सुरुवात करून देतो. जाड दगडी भिंत वाळण्यास काही महिने लागतात, ही गोष्ट गृहीत धरूनच कामाचे वेळापत्रक आखावे लागते.

जुन्या वाड्यांत एक चूक विशेष महाग पडते. दगड-चुन्याच्या भिंतीतील चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. लोणा लागलेल्या अशा भिंतीला पक्का म्हणून सिमेंटचा गिलावा केला, की ओलीला बाहेर पडण्याची वाट उरत नाही आणि ती गिलाव्याच्या वर चढून पूर्वी कोरड्या असलेल्या भागात फुटते. अशा भिंतीचा खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या हात-दीड हात वरपर्यंत काढून टाकावा, क्षार पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावेत, कारण धुतल्यास ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, आणि नवा गिलावा चुन्याचाच करावा. बाहेरच्या बाजूस अंगणाची पातळी वर्षानुवर्षे भर पडून जोत्याच्या बरोबरीला आली असेल तर ती खाली घ्यावी आणि जोत्याभोवती घरापासून दूर उतार असलेली फरसबंदी करावी. काळ्या मातीत ही फरसबंदी पायालगतच्या मातीचे फुगणे-आक्रसणेही कमी करते.

काँक्रीटच्या छतात खरा शत्रू सळयांचा गंज असतो. गंजलेले लोखंड मूळ आकारमानाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते, त्या दाबाने खालचे काँक्रीट खपल्यांनी सुटते आणि सळई उघडी पडून गंज आणखी वेगाने वाढतो. अशा छताला खालून नुसता गिलावा थापणे धोक्याचे असते. सुटलेले काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक लेप देऊन मगच मसाला भरावा लागतो आणि सळई बरीच झिजली असेल तर बांधकाम अभियंत्याचा सल्ला अपरिहार्य ठरतो. गच्चीचा कोबा करताना साधारण शंभरास एक असा उतार ठेवावा, कठडा आणि गच्ची यांच्या कोनात मसाल्याचा गोलसर उतार करावा, भविष्यातील मजल्यासाठी सोडलेल्या सळया मसाल्यात झाकाव्यात, आणि काम पूर्ण झाल्यावर गच्चीवर निदान चोवीस तास पाणी साठवून खाली ठिबकत नाही याची खात्री केल्यावरच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यावा.

पाण्याला थोपवण्यापेक्षा त्याला ठरलेली वाट देणे अधिक टिकते, याचे उदाहरण धार जिल्ह्यातच आहे. मांडवगडावरील पंधराव्या शतकातील जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या गच्चीवरील कुंडात पाणी नागमोडी पन्हळीतून खेळवत आणले आहे. दोन्ही बाजूंना तळी असलेली ही इमारत बांधणाऱ्यांनी गच्चीवर पाणी येऊ न देण्याचा आग्रह धरला नाही; ते कोठून यावे आणि कोठे जावे हे त्यांनी ठरवून दिले. भाड्याच्या घराच्या गच्चीवरील पन्हळीचे तोंड पालापाचोळ्याने बंद असेल, तर त्यावर चढवलेला महागडा रासायनिक थरही फार दिवस तग धरत नाही.

विमा, कर आणि वर्षाचे नियोजन

विमा नियामकाच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित गृहविमा योजना उपलब्ध झाली असून तीत वादळ, पूर, घरात पाणी साचणे तसेच टाकी व पाइप फुटणे किंवा वाहणे यांमुळे होणारी हानी समाविष्ट आहे. घर राहण्यायोग्य न उरल्यास बुडालेल्या भाड्याची भरपाईही मिळू शकते. मात्र हळूहळू मुरणारी ओल, झीज आणि देखभालीअभावी झालेली हानी विम्यात बसत नाही, आणि मालकाच्या इमारतीच्या विम्यात भाडेकरूचे सामान धरलेले नसते. हे भाडेकरूला आधीच सांगावे, म्हणजे तो आपल्या सामानाचा स्वतंत्र विमा घेऊ शकेल. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे: भाड्याच्या निव्वळ उत्पन्नातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष खर्च शून्य असो वा त्याहून कितीतरी अधिक. ६,००० रुपये भाड्याच्या घरात, इतर वजावट नसल्यास, ही रक्कम वर्षाला २१,६०० रुपये होते. कायदा जी रक्कम दुरुस्तीची म्हणून आधीच वेगळी धरतो, तिचा निम्मा भाग जरी मालकाने दरवर्षी खरोखर बाजूला ठेवला तरी दहा वर्षांत गच्चीच्या नव्या कोब्यासाठी लाखाहून अधिक रुपये जमा होतात.

वर्षातून दोन पाहण्या पुरेशा असतात. पहिली मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी: कौले चाळणे, पन्हळी मोकळ्या करणे, कठड्यावरची रोपे मुळासकट काढणे, काळ्या मातीमुळे पडलेल्या नव्या भेगा भरणे आणि टाकीचा फ्लोट तपासणे. दुसरी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर: कोणता डाग नवा, कोणता वाढला आणि कोणता होता तसाच राहिला, याची भाडेकरूसमक्ष नोंद घेणे. मालक परगावी असेल तर ही पाहणी गावातील विश्वासू मिस्त्रीकडे ठरावीक मेहनतान्यावर सोपवता येते, परंतु नोंदीवर भाडेकरूची सही असावी. या दुसऱ्या पाहणीला लोक कमी महत्त्व देतात, कारण तेव्हा घर कोरडे होत असते आणि तक्रारीही थांबलेल्या असतात. वास्तविक पाण्याची वाट सर्वांत स्पष्ट दिसते ती याच वेळी, आणि दुरुस्तीसाठी पुढे सात-आठ कोरडे महिने हातात असतात. ऑक्टोबरच्या नोंदीवरून काम ठरवणारा मालक कारागीर मोकळे असताना, भाव ठरवून आणि भिंत वाळवून दुरुस्ती करतो. जुलैतील तक्रारीवरून ठरवणारा मालक तेच काम भर पावसात, मिळेल त्या माणसाकडून आणि मागेल त्या दराने करवून घेतो, आणि पुढच्या वर्षी त्यालाच ते पुन्हा करावे लागते.